बाटलीवर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलंय, पण बिअर कशापासून केलीय?

हे लिहिताना माझ्यासमोर दोन बाटल्या ठेवल्या आहेत. दोन्हींच्या दर्शनी बाजूला ‘ग्लूटेन-फ्री’, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेली, असं मोठ्या अक्षरांत छापलंय. आता त्या फिरवते आणि मागचा बारीक मजकूर वाचते. पहिलीवर आहे : पाणी, मिलेट, बकव्हीट (कुट्टू), हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं), यीस्ट. दुसरीवर : पाणी, बार्ली माल्ट, हॉप्स, यीस्ट. यातला ‘बार्ली’ हा शब्द बाकीच्यांपेक्षा जाड ठशात आहे, कारण युरोपात अ‍ॅलर्जी आणणारा घटक उठून दिसेल असा छापावा लागतो. म्हणजे समोर ग्लूटेन नाही असं लिहिलंय, आणि मागे ज्या धान्यात ग्लूटेन असतं त्याचंच नाव. दोन्ही बाटल्या विकल्या जातात तिथल्या कायद्यात बसतात. पण सीलिॲक (ग्लूटेनने आतडं झिजण्याचा आजार) असलेल्या माणसाने त्या एकाच मापाने मोजू नयेत, आणि हा लेख मुख्यतः त्याचसाठी आहे.

मला सीलिॲकचं निदान झालं तेव्हा हातात आहाराचा एक कागद मिळाला. ब्रेड, बिस्किटं, पास्ता, केक, सगळ्यांवर फुली. बिअरचा उल्लेखच नव्हता. मीही विचारलं नाही. खाण्यात डोळ्यांत तेल घालून सहा महिने काढले आणि तरी रक्तातली अँटिबॉडी म्हणावी तशी उतरेना. मग आहारतज्ज्ञांनी एकेक गोष्ट विचारत नेली आणि शनिवारच्या संध्याकाळच्या दोन ग्लासांपाशी येऊन थांबल्या. नव्याने या वाटेवर आलेल्यांचे ते सहा महिने वाचावेत, एवढ्यासाठी हे सगळं क्रमाने सांगते आहे.

पायरी १ : आधी नाव पक्कं करून घ्या

‘मला ग्लूटेन सोसत नाही’ या एका वाक्यामागे तीन वेगळी दुखणी असू शकतात. सीलिॲक हा स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीने स्वतःवरच उलटण्याचा आजार आहे. ग्लूटेन पोटात गेलं की लहान आतड्याच्या आतल्या बाजूचे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजतात, आणि अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. गव्हाची अ‍ॅलर्जी निराळी : ती काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं अशी दिसते. आणि तिसरी म्हणजे सीलिॲक नसूनही ग्लूटेनच्या पदार्थांनी त्रास होणं. यात आतड्याची तशी झीज दिसत नाही, त्रास मात्र खरा असतो.

बिअरच्या बाबतीत किती कडक राहायचं ते या नावावर ठरतं, म्हणून अंदाजाने ग्लूटेन सोडून देऊ नका. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि गरज पडली तर आतड्याची बायॉप्सी, दोन्ही ग्लूटेन खाण्यात असतानाच करायच्या असतात. आधीच सोडलं तर अँटिबॉडी उतरलेली असते आणि अहवाल चुकीचा ‘नॉर्मल’ येतो. निदान नवं असेल, आतडं अजून भरून यायचं असेल, लोह कमी असेल किंवा यकृताच्या चाचण्या बिघडलेल्या असतील, तर दारू मुळात कधी सुरू करावी हेही डॉक्टरांनाच विचारा.

पायरी २ : ग्लूटेन बिअरमध्ये येतं कुठून, ते समजून घ्या

ग्लूटेन हा धान्याने आपल्या कोंबासाठी साठवून ठेवलेल्या प्रथिनांचा गट आहे. गव्हातल्या ग्लायडिनचं नाव पुष्कळांना माहीत असतं. बार्लीत, म्हणजे सातूत, त्याचं भावंड हॉर्डीन असतं आणि राय या धान्यात सिकॅलिन. सीलिॲक असलेल्या शरीराला ही तिन्ही शत्रूच वाटतात. म्हणून ‘यात गहू नाही’ हे उत्तर बिअरसाठी पुरेसं नाही.

बहुतेक बिअर बार्लीच्या माल्टपासून होते. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, गरम हवेत सुकवायचं, हा झाला माल्ट. तो भरडून कोमट पाण्यात मुरवला की पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्ससोबत उकळतात आणि यीस्ट घालून आंबवतात. या प्रवासात बरंचसं हॉर्डीन चोथ्यात राहतं, काही उकळताना साक्याबरोबर खाली बसतं, काही गाळणीत अडकतं. पण सगळं जात नाही. यीस्ट साखर खातं. ही प्रथिनं तसं पाहता त्याच्या कामाची नसतात.

उरलेलं प्रमाण बिअरगणिक बदलतं. गाळून नितळ केलेल्या फिक्या लागरमध्ये (लागर हा थंड तापमानात आंबवलेल्या बिअरचा प्रकार) ते तुलनेने कमी असतं, आणि गव्हाच्या गढूळ बिअरमध्ये त्याच्या कितीतरी पट. पण ‘लागर म्हणजे हलकी, म्हणजे चालेल’ हा तर्क धरू नका. रंगावरून, कडूपणावरून किंवा अल्कोहोलच्या टक्क्यांवरून ग्लूटेनचा अंदाज येत नाही. बिनअल्कोहोलच्या बिअरबद्दलही मला वारंवार विचारलं जातं : त्यातून अल्कोहोल काढलेलं किंवा कमी ठेवलेलं असतं, बार्ली तिथेच असते.

पायरी ३ : ‘किती’ विचारण्याआधी ‘कशापासून’ विचारा

इथे थोडं थांबून वाचा, कारण नवख्या माणसाची चूक हमखास इथेच होते. तुमच्यासमोर तीन तऱ्हेच्या बिअर येतील. पहिली साधी, बार्ली-गव्हाची. ती सोडून द्यायची. दुसरी मुळातच ग्लूटेन नसलेल्या धान्यांची : ज्वारी, मिलेट, तांदूळ, मका, बकव्हीट, किनोआ. (बकव्हीटच्या नावात गव्हाचा इंग्रजी शब्द आहे म्हणून घाबरू नका, ते गव्हाच्या कुळातलं नाही.) तिसरी बार्लीचीच, पण तिच्यातलं ग्लूटेन विकर (एन्झाइम) घालून तोडलेली. सगळा घोळ या तिसरीचा आहे.

ते विकर म्हणजे प्रोलाइल एंडोपेप्टिडेज. अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीपासून ते मिळवतात, आणि बिअरच्या धंद्यात ते आलं दुसऱ्याच कामासाठी : थंड केल्यावर बिअर गढूळ होते, तो गढूळपणा टाळायला. ग्लूटेनच्या साखळीत प्रोलीन हे अमिनो आम्ल जागोजागी असतं. आपल्या पोटातल्या पाचक रसांना प्रोलीनपाशी काप घेता येत नाही, म्हणून ग्लूटेनचे लांब तुकडे न पचता आतड्यात पोचतात. २००२ मध्ये संशोधकांनी गव्हाच्या ग्लायडिनमधला ३३ अमिनो आम्लांचा असाच एक चिवट तुकडा दाखवून दिला. हे विकर बरोबर प्रोलीनपाशीच कापतं. ते आंबवण्याच्या सुरुवातीला घालतात आणि बिअर तयार होईपर्यंत हॉर्डीनचे बारीक बारीक तुकडे होतात.

मग अडचण काय? अडचण मोजण्यात आहे. ग्लूटेन मोजायची नेहमीची चाचणी, सँडविच एलायझा, प्रथिनाला दोन बाजूंनी चिमटीत पकडते. एकाच तुकड्यावर पकडीच्या दोन जागा असतील तरच तो मोजला जातो. विकराने कापलेल्या तुकड्यावर एकच जागा उरली, तर तो बिअरमध्ये असूनही चाचणीला दिसत नाही. त्यासाठी एका जागेवर चालणारी दुसरी चाचणी आहे, कॉम्पिटिटिव्ह एलायझा. ती नक्कीच बरी. पण तिचा आकडा एका ठरावीक नमुन्याशी ताडून काढतात, आणि प्रत्येक बिअरमधले तुकडे त्या नमुन्यासारखेच असतील असं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीलिॲक असलेल्या लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी अशा बिअरवर तपासल्या, तेव्हा काही जणांच्या अँटिबॉडींनी बार्लीच्या ‘ग्लूटेन काढलेल्या’ बिअरला प्रतिसाद दिला. मुळात ग्लूटेन नसलेल्या बिअरला दिला नाही.

बाजारातली नावं घेऊन सांगते. स्पेनची डाउरा आणि अमेरिकेची ओमिशन या बार्लीपासून केलेल्या, ग्लूटेन कमी केलेल्या बिअर. अमेरिकेत २००६ मध्ये आलेली रेडब्रिज ज्वारीची. कॅनडातल्या माँट्रियलची ग्लूटेनबर्ग आणि सिअ‍ॅटलची घोस्टफिश ही मिलेट, बकव्हीट अशा धान्यांच्या बिअरसाठी ओळखली जातात. पहिल्या दोन बिअर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. सीलिॲक नसलेल्या आणि ग्लूटेनने फक्त पोट फुगणाऱ्या माणसाला त्या चालूनही जातील. मला स्वतःला सीलिॲक आहे आणि मी त्या पीत नाही. नव्याने निदान झालेल्या कुणालाही मी हेच सांगेन.

पायरी ४ : आकड्याचं गणित एकदा कागदावर मांडा

‘२० पीपीएमपेक्षा कमी’ असं बाटलीवर दिसेल. म्हणजे एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकातली ‘ग्लूटेन-फ्री’ची मर्यादा तीच आहे. अर्धा लिटर बिअरचं वजन धरा अर्धा किलो. बिअर मर्यादेच्या अगदी काठावर असेल, तर एका ग्लासातून १० मिलिग्रॅम, तीन ग्लासांतून ३० मिलिग्रॅम. सीलिॲक असलेल्या बहुतेकांना दिवसाकाठी १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं मानलं जातं. आणि रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याची झीज दिसल्याचं २००७ च्या एका प्रयोगात नोंदलंय. पीपीएम हे प्रमाण आहे, तुमच्या पोटात किती गेलं ते तुम्ही किती प्यायलात त्यावर ठरतं. बिस्किट आपण दोन खातो. बिअर लिटरच्या हिशेबात जाते. शिवाय दिवसभराच्या जेवणातून नकळत आलेला अंश या बेरजेत असतोच.

पायरी ५ : कोणत्या देशाचं लेबल आहे ते बघा

एकच शब्द, पण देशागणिक अर्थ वेगळा. युरोपीय संघात २० पीपीएमपर्यंत ‘ग्लूटेन-फ्री’ आणि १०० पर्यंत ‘अत्यल्प ग्लूटेन’ असं लिहिता येतं, मग बिअर बार्लीची का असेना. ग्लूटेन-फ्री पदार्थांवरचं, काट मारलेल्या कणसाचं चिन्हही तिथे बार्लीच्या बिअरवर दिसू शकतं. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये ठरवलं की आंबवलेल्या पदार्थातलं ग्लूटेन बिनचूक मोजायची पद्धत नसल्यामुळे, आंबवण्याआधीचा कच्चा मालच ग्लूटेन-फ्री हवा. त्यामुळे तिथे बार्लीच्या अशा बिअरवर ‘ग्लूटेन काढण्यासाठी प्रक्रिया केलेली’ अशा धर्तीचे शब्द येतात, जोडीला ग्लूटेन शिल्लक असू शकतं अशी सूचनाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यांत कडक : चाचणीत सापडेल इतकंही ग्लूटेन नको, आणि ओट किंवा बार्ली-गव्हाचा माल्टही नको.

एवढं पाठ करायची गरज नाही. बाटली फिरवा आणि चार शब्द शोधा : बार्ली, गहू, राय, ओट. यांपैकी एक जरी सापडला तरी बाटली परत ठेवा. ओटचं ग्लूटेन वेगळ्या जातीचं असतं आणि शुद्ध ओट अनेकांना चालतं, पण साध्या ओटमध्ये गहू-बार्ली मिसळलेली असायची शक्यता फार. नुसतंच ‘माल्ट’ लिहिलं असेल, कशाचा ते नसेल, तर तो बार्लीचाच धरा. काही देशांत बिअरवर घटकांची पूर्ण यादी छापायचं बंधन नसतं. तिथे ‘यात आहे : बार्ली’ एवढीच ओळ मानेवर किंवा बारकोडशेजारी सापडते. ती शोधायला मला कधीकधी मोबाइलचा टॉर्च लागतो.

पायरी ६ : बाहेर पिताना

एका बारमध्ये मी विचारलं, ग्लूटेन-फ्री काही आहे का? वाढणारा मुलगा मनापासून म्हणाला, “हो, ही आहे ना,” आणि टॅपवरून ग्लास भरून आणला. मी म्हटलं, पिंप किंवा त्याचं लेबल बघू दे. त्याने आतून फोटो काढून आणला. त्यावर बार्ली होती. त्याची काही चूक नव्हती, त्याला तेवढंच शिकवलं होतं. तेव्हापासून मी ‘ग्लूटेन-फ्री आहे का’ असं विचारतच नाही. मी विचारते : “ही कोणत्या धान्याची आहे? बंद बाटली मला दाखवाल का?”

टॅपची बिअर मी टाळते, ती योग्य धान्याची असली तरी. एकाच नळीतून आज ही, उद्या ती बिअर जाते. मध्ये नळी कितपत धुतली ते आपल्याला कळत नाही. आणि काउंटरवर एकदा नीट बघा : ग्लास भरताना टॅपचं तोंड पुष्कळदा फेसात बुडतं, आणि तेच ओलं तोंड पुढच्या ग्लासात जातं. बंद बाटली किंवा कॅन, माझ्यासमोर उघडलेला, आणि स्वच्छ धुतलेला ग्लास. ग्लासाची खात्री वाटत नसेल तर सरळ बाटलीतून प्या. ‘एक घोट चाखून बघ’ म्हणून पुढे आलेल्या दुसऱ्याच्या ग्लासाला हसून नाही म्हणायचं, आणि आपला ग्लासही कुणाला उष्टा करू द्यायचा नाही.

घरी वापरायची ग्लूटेन ओळखणारी छोटी यंत्रं बिअरवर चालवू नका. आंबवलेल्या पदार्थातले बारीक तुकडे त्यांना पकडता येत नाहीत, आणि खोटा धीर मिळतो. ग्लूटेन पचवतात म्हणून मिळणाऱ्या गोळ्या खाऊन साधी बिअर पिणं हे तर सीलिॲकमध्ये मुळीच करू नये.

पायरी ७ : बिअरखेरीज काय चालतं

वाइन आणि सफरचंदाची सायडर मुळात ग्लूटेनविरहित. ऊर्ध्वपातन केलेली शुद्ध मद्यंही चालतात, अगदी बार्लीची व्हिस्कीसुद्धा. कारण वाफेबरोबर अल्कोहोल वर जातं, प्रथिनं मागे भांड्यात राहतात. नंतर घातलेले स्वाद, क्रीम, रंग यांवर मात्र नजर ठेवा. डब्यातली तयार फळांच्या चवीची पेयं आणि हार्ड सेल्टझर (अल्कोहोल असलेला चवीचा सोडा) यांत फसगत होते : काही साखरेपासून आंबवलेली असतात, काही माल्टपासून. रायपासून केलेलं क्वास हे आंबवलेलं पेय तर बिअरसारखाच वर्ज्य.

पायरी ८ : पहिली बाटली उघडताना

चवीबद्दल आधीच सांगते, म्हणजे हिरमोड होणार नाही. ज्वारीच्या बिअरला किंचित आंबट-गोड, काकवीसारखी छटा असते आणि फेस लवकर बसतो. मिलेट आणि बकव्हीटची बिअर जुन्या ओळखीच्या चवीच्या जास्त जवळ जाते, बकव्हीटमुळे थोडा भाजका, कवचफळासारखा वास येतो. माझा सल्ला असा की पहिली बाटली हॉप्स भरपूर असलेली घ्या. हॉप्सचा कडूपणा आणि सुगंध धान्याचा परकेपणा झाकून घेतो. फिकी लागर नंतर कधीतरी.

हा फरक का पडतो, तेही बघण्यासारखं आहे. ज्वारीचं पिष्ट फुलायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत तिच्यातली पिष्ट फोडणारी विकरं टिकत नाहीत. शिवाय ती बार्लीइतकी नसतातही. म्हणून या बिअर करणारे बाहेरून विकरं घालतात किंवा धान्य वेगवेगळ्या तापमानांना टप्प्याटप्प्याने मुरवतात. जास्त खटपटीचं काम आहे ते, आणि मनापासून करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. कुणाला घरी करून बघायची असेल आणि तुमच्याकडे त्याला परवानगी असेल, तर ज्वारीच्या तयार पाकापासून सुरुवात करा. पूर्वी बार्लीसाठी वापरलेली प्लॅस्टिकची बादली आणि नळ्या घेऊ नका, ओरखड्यांत जुना अंश राहतो. यीस्ट कोरडं, ग्लूटेन-फ्री म्हणून प्रमाणित केलेलं घ्या. बार्लीच्या बिअरच्या तळाचं उरलेलं यीस्ट कुणी प्रेमाने दिलं तरी नको.

पायरी ९ : त्रास झाला तर, आणि झाला नाही तरी

बिअर प्यायल्यावर पोट बिघडलं म्हणजे ग्लूटेनच गेलं असं लगेच ठरवू नका. अल्कोहोल स्वतः आतड्याला चाळवतं, गॅसने पोट फुगतं, आंबवलेल्या पेयांतलं हिस्टामिन काहींना सोसत नाही, आणि सायडरमधलं फ्रुक्टोज-सॉर्बिटॉल काहींना नडतं. म्हणून नव्या बिअरची एका वेळी एकच बाटली, तीही नेहमीच्या जेवणाबरोबर, नवा पदार्थ पानात नसलेल्या दिवशी. आणि दोन दिवस वाट बघा.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. सीलिॲकमध्ये ‘मला तर काहीच झालं नाही’ या वाक्याला तपासणीचं मोल नाही. कित्येकांना कसलाही त्रास जाणवत नाही आणि आतडं झिजत असतं. मला त्या सहा महिन्यांत एकदाही पोटदुखी झाली नव्हती. पुढची टीटीजी तपासणी ठरलेल्या वेळी करा, आणि डॉक्टरांना आपण काय पितो ते नावानिशी सांगा.

त्यासाठी मी एक छोटी वही ठेवली आहे. बिअरचं नाव, कोणत्या धान्याची, लेबल कोणत्या देशाचं, प्यायल्याची तारीख, आणि दोन दिवसांनी एक ओळ. ओळखीची बाटली असली तरी दर वेळी मागचा मजकूर पुन्हा वाचते, कारण कंपन्या कृती बदलतात आणि दर्शनी लेबल मात्र तसंच राहू शकतं.